बेघरांसाठी काम करणाऱ्या जवळच्या संस्थेला जुने कपडे द्यावेत की पैसे?

घर आवरताना कपड्यांची चार गाठोडी निघाली, ती द्यावीत की त्यापेक्षा पैसे बरे, असं तुम्ही विचारलंय. अशाच एका लहानशा संस्थेत मी सहा वर्षं दर शनिवारी जातो. त्यातली पहिली दोन वर्षं तर गाठोडी सोडण्यातच गेली. म्हणून स्पष्ट सांगतो, आधी फोन करा, मग गाठोडी उचला.

लोक देतात मनापासून, पण बऱ्याचदा कपाट रिकामं करायचं असतं. एकदा पिशवीतून तीन बूट निघाले, तिन्ही डाव्या पायाचे. (एका घरात हे जमलं कसं, देव जाणे.) हे निवडायला, धुवायला, शेवटी टाकायला माणसं लागतात आणि नेमकी तीच कमी असतात. उलट नवे मोजे आणि आतले कपडे कायम अपुरे. रस्त्यावर झोपणारा माणूस चोरीच्या भीतीने रात्रीही बूट काढत नाही. पाय ओलेच राहिले की कातडी पांढरी पडून सोलवटते, जखमा चिघळतात. चालता येईना की हातचं कामही जातं.

पैसा मुख्यतः कागदपत्रांपायी जातो. एका गृहस्थांची उशाखालची पिशवी रात्रीत गेली, ओळखपत्र तिच्यातच. नवं काढायला पत्ता हवा, पत्त्यासाठी खोली हवी, आणि खोली देणारा आधी ओळखपत्र मागतो! हा गुंता सुटायला पाच महिने लागले. हेलपाटे, शुल्क, रांगेत सोबतीला उभा राहणारा माणूस, यातलं काहीच फोटोत दिसत नाही, त्यामुळे त्यासाठी देणगीही मिळत नाही.

‘आधी व्यसन सोडा, मग खोली’ हा जुना खाक्या. न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली एका संस्थेने तो उलटा केला: आधी घर, बाकीचं नंतर. फिनलंडने २००८ पासून तेच राष्ट्रीय धोरण केलं आणि वर्षानुवर्षं बेघर असलेल्यांची संख्या तिथे खूप घटली. घर देणं आमच्या आवाक्याबाहेरचं. पण कुणाचं एका महिन्याचं थकलेलं भाडं भरलं तर आहे ते छप्पर टिकतं, तेवढं आम्हाला झेपतं. म्हणून रक्कम छोटी असली तरी चालेल, पण दरमहा द्या.

आणि हो, त्या गाठोड्यांत मोठ्या मापाचे बूट असतील, जोडीने, तर ते मात्र थेट घेऊन जा.