जुना पेजमेकर ठेवावा की सोडावा?

प्रश्न : सोलापुरात माझे छोटे मुद्रणालय आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके आणि चादर-टॉवेलच्या कारखान्यांची लेबले आम्ही विंडोज ७ च्या संगणकावर, पेजमेकर ७ या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये, जुन्या मराठी फॉन्टमध्ये जुळवतो. वीस वर्षांच्या फाइली त्यातच आहेत. गिऱ्हाइकांचे ईमेल आणि बँकेचे व्यवहारही त्याच संगणकावर होतात. मुलगा म्हणतो, सगळेच नवे घेऊ. चालती वस्तू का बदलावी, हे मला उमगत नाही. आपला सल्ला काय?
— एक मुद्रक, सोलापूर

उत्तर : आपल्या आग्रहाला मी हट्ट म्हणणार नाही. पेजमेकरची ७.० ही आवृत्ती २००१ साली आली आणि तीच शेवटची ठरली. त्यानंतर ते बनवणाऱ्या अडोबी कंपनीने सारा भर इनडिझाइन या आपल्या दुसऱ्या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरवर दिला. ज्या मजकुराला शेवटी कागदावरच उतरायचे आहे, त्यासाठी पेजमेकर आजही पुरेसा आहे, आणि मापात बसलेले लेबल केवळ नवेपणासाठी पुन्हा जुळवण्यात शहाणपणा नाही.

मला काळजी वाटते ती बँकेच्या व्यवहारांची. विंडोज ७ च्या सर्वसामान्य वापरकर्त्यांना मिळणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० रोजी बंद झाल्या. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच दिली होती. तरीही ती न बसवलेले संगणक बळी पडले आणि त्यांत विंडोज ७ चेच प्रमाण सर्वाधिक होते. आता तर तशी दुरुस्ती आपल्याला मिळणारच नाही. म्हणून जुन्या संगणकाची इंटरनेटची जोडणी आजच काढावी. ईमेल आणि बँक यांसाठी विंडोज ११ चा साधा संगणक घ्यावा. विंडोज १० ची मुदतही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह आधी नव्या संगणकावर तपासावा आणि मगच जुन्याला लावावा.

चिरंजीवांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पेजमेकरच्या फाइली इनडिझाइनच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्यांत उघडतात, त्यापुढच्या आवृत्त्यांत उघडत नाहीत. म्हणजे आज नवे इनडिझाइन घेऊन जुना संगणक भंगारात दिला, तर वीस वर्षांचे काम कुलूपबंद होईल.

त्याहून अवघड प्रश्न फॉन्टचा आहे. आपल्या फॉन्टमधला ‘क’ संगणकाच्या लेखी ‘क’ नसतोच. इंग्रजी अक्षराच्या किंवा चिन्हाच्या जागी मराठी आकार बसवलेला असतो, आणि फॉन्ट नसलेल्या संगणकावर त्याच ओळीत इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. परिवर्तक वापरून मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीत, आणता येतो, परंतु जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते आणि रफार नंतर, तर युनिकोडमध्ये हा क्रम नेमका उलटा असतो. त्यामुळे परिवर्तित मजकुराचे मुद्रितशोधन शब्दन् शब्द वाचूनच करावे. पत्रिकेत वधूपित्याच्या नावातला रफार हरवला तर गिऱ्हाईक पुन्हा पायरी चढणार नाही. सगळ्या फाइलींचे परिवर्तन करण्याची मात्र गरज नाही. जी लेबले वर्षानुवर्षे तशीच छापली जातात, त्यांची फॉन्ट अंतर्भूत केलेली पीडीएफ करून ठेवावी. ज्यांतला मजकूर दरवेळी बदलतो, ते नमुने तेवढे युनिकोडमध्ये नव्याने जुळवावेत.

हे काम लग्नसराईत काढू नका. चातुर्मासात मुहूर्त थांबले की पत्रिकांचा रेटा ओसरतो. तेव्हा रोज चार-पाच फाइली हातावेगळ्या होतील. त्याआधी, याच आठवड्यात, जुन्या हार्डडिस्कची पूर्ण प्रतिमा, म्हणजे हुबेहूब नक्कल, दोन स्वतंत्र बाह्य डिस्कवर घ्या, फॉन्टच्या आणि पेजमेकरच्या मूळ सीडीही त्यांतच उतरवा, आणि त्यांपैकी एक डिस्क मुद्रणालयात न ठेवता घरी ठेवा.