मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअरवर डिझाइन-व्हिडिओचं धंद्याचं काम होतं का?

होतं. मी करते आणि त्याचे पैसे घेते.

तुम्ही विचारलंय की गोंदिया जिल्ह्यातल्या गावात राहून पत्रिका, फ्लेक्स आणि यूट्यूबचे व्हिडिओ करायचे आहेत. मुक्तस्रोत, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं, सॉफ्टवेअर पुरेल का, की मित्र म्हणतो तसं महागड्या सॉफ्टवेअरचं क्रॅक (पैसे न भरता ते चालवणारी चोरीची फाइल) टाकून मोकळं व्हावं. पहिल्या भागाचं उत्तर चार ओळींत संपलं असतं. क्रॅकचं वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून हे लांबणार आहे.

मी काय वापरते ते आधी सांगून टाकते. अक्षरं आणि मांडणी इंकस्केपमध्ये, फोटो कापायला गिंप, छपाईच्या रंगांसाठी क्रिटा, आवाजाला ऑडॅसिटी, व्हिडिओला केडेनलाइव्ह, स्मरणिका असेल तर स्क्रायबस. लॅपटॉप जुना आहे, त्यावर लिनक्स मिंट. विंडोजवरही हे सगळं चालतं.

मी वडसा-देसाईगंजकडची. झाडीपट्टीचं, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यातलं, नाटक काय असतं हे तुम्हाला सांगायला नको. दिवाळी झाली की सीझन सुरू, होळीपर्यंत रोज रात्री कुठल्या ना कुठल्या गावात प्रयोग. नाटक तेच, कलाकार तेच. गाव, तारीख आणि आयोजक मंडळ मात्र रोज वेगळं. म्हणजे पोस्टर एकच, पण त्याची शेवटची पट्टी प्रत्येक गावासाठी नवी. मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) दिवसांत तर एकाच रात्री शेजारशेजारच्या गावांत नाटकं असतात, तेव्हा पट्टीत तारीख चुकली तर लोक दुसऱ्याच नाटकाला जातात.

माझे मामा तालुक्याच्या गावी डीटीपी आणि फ्लेक्सचं दुकान चालवतात. मी टायपिंग तिथेच शिकले, कॉलेज करत असताना त्यांच्याकडे कामही केलं. दुकानातल्या सगळ्या कॉम्प्युटरवर क्रॅक मारलेलं सॉफ्टवेअर. त्या क्रॅकच्या फाइलसोबत एक सूचना यायची: आधी अँटिव्हायरस बंद करा. घराचं कुलूप काढून ठेवा असं चोरानंच सांगावं आणि आपण ते ऐकावं, असा तो प्रकार. मी तेव्हाही बोलले होते. मामा म्हणाले, "अवो माय, साऱ्या दुकानाईत हेच चालते. तू का नवीन सांगून रायली?"

ऐन कार्तिकात, इकडे धान कापणीला आलेला आणि तिकडे नाटकांच्या तारखा लागलेल्या, एका सकाळी दुकानातली एकही फाइल उघडेना. प्रत्येक फाइलच्या नावापुढे भलतीच अक्षरं चिकटलेली आणि डेस्कटॉपवर एक इंग्रजी चिठ्ठी: फायली परत हव्या असतील तर पैसे पाठवा. बॅकअपची हार्ड डिस्क त्याच मशीनला जोडलेली होती, तीही गेली. पोस्टरं, पत्रिका, एका शाळेची स्मरणिका, सगळं. व्हायरस नेमका त्याच दिवशी आत आला की आधीपासून बसून होता ते कळायला मार्ग नव्हता. दार उघडं ठेवलेलं होतं, एवढं मात्र नक्की.

एका नाट्यमंडळाचे सचिव पोस्टरसाठी दुकानात येऊन बसले होते. मामांनी हात वर केले. मी त्यांना म्हटलं, कलाकारांचे मूळ फोटो तुमच्या मोबाइलमध्ये असतील तर पाठवा, घरी करून बघते. मामा सगळ्यांसमोर म्हणाले, "फुकटाच्या सॉफ्टवेअरवर नाटकाचा पोस्टर होते का? पोराबाराचा खेळ आहे का तो?" हे वाक्य माझ्या मनातून अजून गेलेलं नाही, म्हणून ते पोस्टर कसं केलं ते नीट सांगते.

नायक-नायिकेचे फोटो गिंपमध्ये कापले. केसांच्या कडा लेयर मास्कवर (फोटोचा भाग न पुसता झाकणारा थर) मऊ ब्रशने काढाव्या लागतात. मागचं पुसून टाकलं तर नंतर सुधारता येत नाही, मास्कवर येतं. नाटकाचं नाव इंकस्केपमध्ये. फाँट मुंबईच्या एक टाइपचे घेतले, मोदक आणि बालू. मजकुराला मुक्ता. हे तिन्ही मुक्त परवान्याचे आहेत, धंद्याच्या कामाला वापरले तरी कुणाला एक पैसा देणं लागत नाही. फाँटचा परवाना बघायची आपल्याकडे कुणाला सवय नाही, तुम्ही लावून घ्या.

शेवटच्या पट्टीत मी गाव, तारीख आणि मंडळाच्या जागी खुणेचे शब्द टाकून ठेवले. इंकस्केपची एसव्हीजी फाइल म्हणजे आतून साधा मजकूर असतो. नोटपॅडमध्ये उघडा, तुम्ही लिहिलेलं मराठी तिथं जसंच्या तसं दिसतं. माझ्या धाकट्या भावाला थोडं पायथन (प्रोग्रॅम लिहायची भाषा) येतं. गावांची यादी आम्ही लिब्रेऑफिसच्या तक्त्यात भरली, त्याची साध्या मजकुराची सीएसव्ही फाइल केली. भावाची स्क्रिप्ट एकेक ओळ उचलून खुणेच्या शब्दाजागी गावाचं नाव टाकायची आणि इंकस्केपलाच हुकूम देऊन पीडीएफ काढून घ्यायची. मजकुराचं पाथ, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार, करून पीडीएफ काढायचा पर्याय त्या हुकमातच आहे. अख्ख्या सीझनच्या गावांची पोस्टरं रात्री लावून दिली, सकाळी तयार. हाताने दुरुस्त करावी लागली ती लांब नावांची. तुमच्याच जिल्ह्यातलं अर्जुनी मोरगाव चौकटीबाहेर गेलं होतं.

मजकुराचं पाथ करणं, हे एक सोडून बाकी सगळं विसरलात तरी चालेल. फ्लेक्सवाल्याच्या जुन्या मशीनवर युनिकोड मराठी (मोबाइलवर टाइप करतो ती) गेली की रफार एकीकडे आणि वेलांटी दुसरीकडे पडते. 'सिंदेवाही'ची वेलांटी 'स'च्या मागे जाऊन बसते. अक्षरांचा आकार करून दिला की काही तुटत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि सी. मात्र त्यानंतर मजकूर सुधारता येत नाही, म्हणून मूळ फाइल वेगळी ठेवायची.

दुसरी अडचण रंगांची. फ्लेक्सवाले सीएमवायके, म्हणजे छपाईच्या शाईच्या रंगांतली, टिफ फाइल मागतात. इंकस्केप आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या रंगांत, काम करतं आणि गिंपही मुळात आरजीबीवालंच. मी शेवटचं चित्र क्रिटात नेते. तिथं सीएमवायके आहे आणि टिफही निघते. स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा छापून आला की शेवाळी दिसतो, हे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये होतं. आधी एक फुटाची पट्टी छापून बघा. एवढ्या तुकड्याला दुकानदार नाही म्हणत नाहीत.

पोस्टर वेळेत लागलं. मामा बघायला आले, बघून म्हणाले, "हे बनवणारे लोक फुकटात काम काहून करन? काही तरी गोम असन." हा प्रश्न पुष्कळांना पडतो, तुमच्या मित्रालाही पडला असेल. गोम काही नाही. गिंप १९९५ मध्ये बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी, स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस यांनी, सुरू केलं. ब्लेंडर या ॲनिमेशनच्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरची गोष्ट तर मामांना मी तोंडपाठ ऐकवली. ते बनवणारी कंपनी बंद पडली, तेव्हा टोन रोझेंडाल यांनी २००२ मध्ये जगभरच्या वापरणाऱ्यांना साद घातली. गुंतवणूकदारांना द्यायचे १ लाख युरो ७ आठवड्यांत जमले आणि ब्लेंडरचा कोड सगळ्यांसाठी खुला झाला. म्हणजे पैसे लोकांनीच दिले, एकदा देऊन सगळ्यांचं करून टाकलं. आपल्याकडे गावचं नाटक वर्गणीवर उभं राहतं तेव्हा कुणी गोम शोधत नाही. त्याच ब्लेंडरमध्ये केलेल्या लॅटव्हियाच्या एका ॲनिमेशनपटाला २०२५ मध्ये ऑस्कर मिळालं. दुकानातल्या फ्लेक्सला याहून जास्त काय लागतं?

मामांचा एक मुद्दा मात्र मी उडवून लावत नाही. ते म्हणतात, माझ्या दुकानातल्या पोरांना कोरेल (डिझाइनचं विकतचं सॉफ्टवेअर) येतं, इंकस्केपवाली पोरं कुठून आणू? खरं आहे. पण पोरांना कोरेल येतं कारण दुकानात तेच आहे, आणि दुकानात तेच आहे कारण पोरांना तेच येतं. हा फेरा कुणी तरी तोडायला लागतो. मी गावातल्या दोन मुलींना इंकस्केप शिकवलं. त्यांनी आधी काहीच शिकलेलं नव्हतं, त्यामुळे बटण जुन्या जागी नाही अशी तक्रारही केली नाही.

आणि पैसे भरून सॉफ्टवेअर घेणाऱ्यांशी माझं भांडण नाही. घ्या, पावती ठेवा, सुखाने वापरा. माझं भांडण चोरीच्या सॉफ्टवेअरला 'मोफत' म्हणणाऱ्यांशी आहे. ते मोफत नसतं. त्याची किंमत मी दुकानात डोळ्यांनी पाहिली.

तुमच्या व्हिडिओंबद्दल थोडं. नाटकाच्या प्रचाराचं रेकॉर्डिंग मी घरीच करते, जे पुढे ऑटोवर भोंगा लावून गावोगाव फिरतं. रात्री, पंखा बंद करून, दाराला गोधडी लावून. सुरुवातीला काही सेकंद कुणीच बोलायचं नाही. तो रिकामा तुकडा ऑडॅसिटीला नमुना म्हणून दाखवला की तेवढी घरघर ते सगळ्या रेकॉर्डिंगमधून काढतं. फार काढू नका, आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. केडेनलाइव्हमध्ये प्रॉक्सी क्लिप (व्हिडिओची हलकी, कामापुरती प्रत) चालू करा, नाही तर मोबाइलचा मोठा व्हिडिओ साध्या लॅपटॉपवर अडकत अडकत चालेल. आमच्याकडे लाइन कधी जाईल याचा नेम नाही, बॅटरीही जुनी; केडेनलाइव्ह आपोआप सेव्ह करत राहतं, पुन्हा उघडलं की बहुतेक काम परत मिळतं. ट्रेलरला सिनेमाचं गाणं लावू नका, यूट्यूबवर हक्काचा दावा लागतो. मी आमच्या मंडळाच्या ऑर्गनवाल्या काकांकडून वाजवून घेते. ते सिनेमाच्या गाण्यापेक्षा चांगलं लागतं असं माझं प्रामाणिक मत आहे.

आता ज्या गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या. तुम्हाला नागपूरला एखाद्या प्रेसमध्ये किंवा जाहिरात संस्थेत नोकरी करायची असेल तर तिथं जे चालतं तेच शिकावं लागेल, माझं हे सगळं तिथं कामाचं नाही. गिंप हात बसेपर्यंत चिडचिड करायला लावतं. जुन्या सीडीआर, म्हणजे कोरेलच्या, फायली इंकस्केपमध्ये उघडतात, पण मांडणी हलते आणि जुन्या फाँटांमधला मराठी मजकूर तर कचरा दिसतो, कारण त्यात आतून रोमन अक्षरंच असतात आणि वरून मराठीचं रूप दिलेलं असतं. तो मजकूर युनिकोडात बदलून पुन्हा तपासावा लागतो. यादीवरून पोस्टरं काढायची सोय महागड्या सॉफ्टवेअरमध्येही असते, ती फक्त मुक्तस्रोतातच आहे असं मी म्हणत नाही. आणि मुक्तस्रोत वापरलं म्हणून व्हायरस येत नाही असंही नाही. बॅकअपची डिस्क काम झालं की काढून ठेवा.

कामाचा दर मात्र खाली आणू नका. त्या पहिल्या पोस्टरच्या वेळी सचिव म्हणाले होते, "सॉफ्टवेअर फुकट आहे म्हणता, मंग पैसे कायचे?" मामा शेजारीच उभे होते आणि मान हलवत होते. मी सचिवांना विचारलं, तुमच्या नाटकातला हार्मोनियम मंडळाचा आहे, मग वाजवणाऱ्याला नाइट (एका प्रयोगाचे पैसे) देता की नाही? त्यांनी मामांच्या दुकानाचा जो दर होता तोच दिला, मामांच्या समोर मोजून. पुढच्या सीझनपासून ते मंडळ माझ्याकडेच येतं. मामांच्या दुकानातल्या एका मशीनवर लिनक्स टाकून देते असं मी दर दिवाळीला म्हणते. अजून त्यांनी हो म्हटलेलं नाही.