जपानमध्ये रामेनच्या, म्हणजे सूपमधल्या नूडल्सच्या, दुकानात ऑर्डर कशी द्यायची आणि खायचं कसं?

बऱ्याच दुकानांत दाराशीच तिकिटाचं मशीन असतं. आधी पैसे टाकायचे, बटण दाबायचं आणि आलेली चिठ्ठी काउंटरवर द्यायची. जपानी वाचता येत नसेल तर सगळ्यात वरचं, डावीकडचं बटण दाबा. तिथे सहसा दुकानाची खासियत असते. हजार येनच्या नोटा जवळ असू द्या, दहा हजाराची नोट अनेक मशीन घेत नाहीत.

फुकुओका शहराच्या हाकाता पद्धतीच्या दुकानात नूडल्स किती शिजवू, हेही विचारतात. 'कातामे' म्हणजे जरा कडक. मी तेच सांगतो. नूडल्स संपल्या की 'काएदामा' म्हणायचं, थोड्या पैशांत उरलेल्या सूपमध्ये नव्या नूडल्स पडतात. म्हणून सूप आधीच संपवू नका!

आवाज करत ओढून खाल्लं तरी चालतं. कढीचे भुरके मारणाऱ्यांना ते शिकवायला नको. फक्त गप्पा मारत रेंगाळू नका, नूडल्स फुगतात आणि बाहेर रांग असते. टिप देत नाहीत.

शाकाहारी असाल तर मात्र सावध. 'मिसो' (सोयाबीनची आंबवलेली पेस्ट) लिहिलेलं असलं तरी सूप बहुधा डुकराच्या किंवा कोंबडीच्या हाडांचंच असतं, वरचं मांस काढायला सांगून भागत नाही.