मधला मिनिटभर त्याचा, बाकीचं तुझं

ताई, दोन वर्षांपासून मला मधूनच भान राहत नाही. नवरा सांगतो, मी एकटक बघत बसते, ओठ चाटते, हाकेला ओ देत नाही. मला आठवतं ते एवढंच, की आधी पोटातून काहीतरी वर चढत येतं. आधीच्या डॉक्टरांनी झटक्याची, म्हणजे फिट्सची गोळी सुरू केली, पण ईईजी (मेंदूचा आलेख) नॉर्मल आल्यावर ‘टेन्शन असेल’ म्हणाले. आता नवीन न्यूरोलॉजिस्टची वेळ मिळाली आहे. डॉक्टरांसमोर सगळं नवराच बोलतो, मी गप्प. या वेळी त्याला बाहेर बसवू का? आणि चार दिवस गोळी बंद करून गेले तर डॉक्टरांना खरं काय ते दिसेल ना? (स्कूटर अजून मीच चालवते.)

अगं, आधी गोळीचं. एक डोससुद्धा चुकवू नकोस. झटक्याची गोळी अचानक थांबवली तर मोठा, लवकर न थांबणारा झटका येऊ शकतो, आणि मग डॉक्टरांची भेट थेट इमर्जन्सीत होईल.

नवऱ्याला बाहेर बसवायचं म्हणतेस, तुझा वैताग कळतो. पण जो मिनिटभर तू तिथे नसतेस, त्याचा साक्षीदार तोच. या आजारात निदान बरंचसं हकिगतीवर ठरतं. म्हणून त्याला आजच लिहायला बसव, फक्त डोळ्यांनी पाहिलेलं: मान कुठे वळली, कोणता हात चाळा करत होता, किती वेळ चाललं, नंतर नीट बोलायला किती वेळ लागला. वेळ घड्याळावर बघायची, कारण घाबरलेल्या माणसाला अर्धं मिनिटही पाच मिनिटांसारखं वाटतं. पुढच्या वेळी आधी तुला सांभाळून मग फोनवर व्हिडिओ घेऊ दे, चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असा. तोंडात काही घालायचं नाही. पाच मिनिटांत थांबलं नाही तर फोन ॲम्ब्युलन्सला.

त्या मिनिटाच्या आधीचं आणि नंतरचं मात्र तू सांगायचंस. पोटातून चढत येणारं ते, विचित्र वास, ‘हे आधीही घडलंय’ असं वाटणं, उगाच दाटून येणारी भीती, वेड्यासारखं वाटेल म्हणून बायका नेमकं हेच गिळतात. ती झटक्याची सुरुवातच असू शकते. तेव्हा बोलायला तिथूनच सुरुवात कर. आठवणार नाही असं वाटलं तर कागद काढून वाच, त्यात लाज कसली?

ईईजी नॉर्मल म्हणजे काही नाही, असं नसतं गं. त्या अर्ध्या-पाऊण तासात मेंदूत काही घडलं नाही, तर आलेखात काय उमटणार? उलट, नवीन डॉक्टर हे झटके फिट्सचे नाहीत म्हणाले, तरी तू सोंग करतेस असा त्याचा अर्थ होत नाही. तसल्या झटक्यांवरही उपचार असतात. जुना ईईजी घेऊन जा. एमआरआय झाला असेल तर नुसता रिपोर्ट नको, फिल्म किंवा सीडीही ने. गोळ्यांची नावं, मिलिग्रॅम, कोणती कशामुळे सोडली, झोपेच्या आणि आयुर्वेदिक गोळ्यांसकट सगळं लिही.

घरून निघण्यापूर्वीच नवऱ्याला सांग, ‘माझं मी सांगेन, तुला विचारतील तेव्हा तू.’ शेवटी दोन मिनिटं एकटीने बोलायची इच्छा असेल तर डॉक्टरांकडे सरळ माग, त्यांना त्यात नवल वाटत नाही. मूल हवं असेल किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, तर ते सांगच. झटक्याची काही औषधं त्या गोळ्यांचा परिणाम कमी करतात, आणि व्हॅल्प्रोएटसारख्या औषधाने गर्भाला अपाय होऊ शकतो. त्या भीतीने स्वतःच्या मनाने गोळी बदलायची मात्र नाही.

आणि ते स्कूटरचं. मला कंसात लिहिलंस, डॉक्टरांना कंसात सांगू नकोस. ते हो म्हणेपर्यंत चावी नवऱ्याकडे दे. बोलायला नाही, तर निदान चालवायला तरी मिळू दे त्याला.