चिखलातली पहिली रेस

प्रश्न: मी लंडनला असते, रोडवर दहा किमी आरामात पळते. आता क्लबवाले म्हणतायत पार्लमेंट हिलच्या क्रॉस कंट्रीला (रस्ता सोडून गवत-मातीतून, टेकडीवरून पळायची रेस) नाव दे. नेहमीचे शूज चालतील? आणि शेवटी आले तर?

उत्तर: नाव दे गं, नक्की दे! शूज मात्र नाही चालणार, तिथे सुरुवातीलाच चढ आणि हिवाळ्यात नुसता चिखल, त्यामुळे १२ किंवा १५ मिमीचे स्पाइक्स (तळाला टोकदार खिळे असलेले शूज) घे आणि लेसला डबल गाठ मार नाहीतर बूट चिखलातच राहतो. घड्याळातला पेस बघूच नको, चढावर पावलं छोटी टाक. शेवटच्या नंबराची काळजी कशाला, प्रत्येक टीमच्या पहिल्या काही जणींच्या नंबरांची बेरीज करतात, कमी बेरीजवाली टीम जिंकते, आणि पुरेशा मुली नसल्या तर टीमच मोजत नाहीत, म्हणून तू पूर्ण पळणं क्लबला खरंच हवंय. संपल्यावर लगेच कोरडे कपडे घाल.