पाटल्या गहाण ठेवायच्या, पण कशासाठी?

प्रश्न : काका, आम्ही बेळगावजवळच्या येळ्ळूरचे. मालक उद्यमबागेत मशीन शॉपला आहेत, हातात २४,००० येतात. सोसायटीचं कर्ज ८०,००० (१४ टक्के), क्रेडिट कार्डाचे ४६,०००, शिवाय बायकांच्या संघाचा आठवड्याला ६५० हप्ता. कार्डाचं 'कमीत कमी' बिल आम्ही न चुकता भरतो. पण सोसायटीचा माणूस गावातलाच, दारात आला की मान खाली जाते. पाटल्या गहाण ठेवून त्याचं एकदाचं मिटवू काय? पाटल्या सासूबाईंनी घातलेल्या आहेत आणि त्यांना कार्डाचं अजून माहीत नाही. बिल आणि खर्चाची यादी सोबत जोडलीय.

उत्तर : ताई, पाटल्या ठेवायच्याच असतील तर कार्डासाठी ठेवा.

तुमच्या बिलावर व्याज महिन्याला साडेतीन टक्के छापलंय. ४६,००० वर झाले १,६१०, त्यावर १८ टक्के जीएसटी २९०. म्हणजे १,९०० नुसते व्याजापायी गेले. तुम्ही भरता २,३००. फिटले किती, तर ४००! आणि त्याच महिन्यात कार्डावर १,८०० चा किराणा आणलाय. मागची बाकी थकलेली असली की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. तेल-साखरेवरही पहिल्या दिवसापासून व्याज चढतं. सोसायटीच्या ८०,००० ना महिन्याचं व्याज पडतं ९३३. पण कार्डवाला दारात येत नाही, म्हणून तो सोज्वळ वाटतो.

मी शहापूर-वडगावात २२ वर्षं पिग्मी, म्हणजे दारोदारची रोजची बचत, गोळा केली. ही पिग्मी आपल्याच कर्नाटकातली, सिंडिकेट बँकेनं १९२८ मध्ये दिवसाला दोन आण्यांपासून सुरू केलेली. दिवसभर लोकांची बचत वहीत मांडायचो आणि माझी स्वतःची तीन ठिकाणी कर्जं. जो तोंडावर बोलेल त्याला आधी भरायचो, महागडं कर्ज मागंच राहायचं. म्हणून तुमची मान खाली का जाते ते मला कळतं. सोसायटीचा हप्ता चालू आहे ना? मग त्याला चहा पाजा आणि पाठवून द्या.

सोनेतारण बँकेतच करा. १२ टक्के धरले तरी ४६,००० वर महिन्याला ४६० व्याज. कार्डाला भरत होता तेच २,३०० तिथं भरा, दोन वर्षांच्या आत पाटल्या सुटतात. सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे २,००० तुमच्या नावावर येत असतील तर तेही त्यातच टाका. वेळेवर आले तर वर्षभरात काम होईल. मात्र ते कधी लांबतात, कधी दोन हप्ते एकदम येतात, तेव्हा घरखर्चात ते धरूच नका. मुदतीची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, ती चुकली तर लिलावाची नोटीस येते.

कार्ड फिटलं की त्याच दिवशी बंद करायचा अर्ज द्या. बाकी नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करावं लागतं, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये बँकेनं तुम्हाला द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. फोनवर गोड बोलून 'राहू दे की मॅडम' म्हणतील. राहू द्यायचं नाही.

संघाचा हप्ता आहे तसा चालू दे, पण संपल्यावर नवीन उचलू नका. 'सगळ्या जणी घेतात' हे काही कारण नव्हे.

खर्चाचं म्हणाल तर मालकांच्या चहा-नाष्ट्याला मी हात लावणार नाही, लोखंडापुढं आठ तास उभं राहणारा माणूस आहे. तुमच्या यादीत खरी गळती आहेराची: मे महिन्यात पाच लग्नं, ६,४००, तेही कार्डावर! यंदा सख्ख्यांना साडी, बाकीच्यांना पाकिटात १०१. नावं ठेवतील. मलाही ठेवली होती, पुढच्या लग्नसराईत विसरले.

राहिल्या सासूबाई. पाटल्या त्यांनी घातल्या, तर गहाण ठेवताना त्यांनाच बेळगावला घेऊन जा आणि कार्डाचं वाटेत सांगा. शक्ती योजनेत दोघींनाही बसचं तिकीट पडायचं नाही.