शोरूम की आपलं अंगण?

प्रश्न : माझी स्प्लेंडर चार वर्षांची आहे. शोरूममध्ये ऑइल बदलायला अर्धा दिवस जातो, वर बिलात भलतंच काहीतरी चढतं. घरी बदललं तर चालेल का? (एक वाचक, कराड)

उत्तर : वॉरंटी संपली असेल तर चालेल की. पण आधी ते तपासा, चार वर्षांच्या स्प्लेंडरची वॉरंटी अजून चालू असू शकते. चालू असेल तर मुकाट्याने शोरूममध्ये जा, बिलं जपून ठेवा.

ऑइल मात्र १०डब्ल्यू-३० (हा ऑइलच्या दाटपणाचा ग्रेड) घ्या आणि डब्यावर 'जासो एमए' हा बाइकच्या ऑइलचा शिक्का पाहा. 'एमबी' स्कूटरचं. मी एकदा भावाच्या कारचं उरलेलं ऑइल काटकसर म्हणून बाइकमध्ये ओतलं. महिनाभरात घाटात गाडी नुसती ओरडायची, पुढे सरकायची नाही! बाइकचा क्लच त्याच ऑइलमध्ये भिजत असतो. कारच्या ऑइलने तो सटकतो. क्लचप्लेटा बदलाव्या लागल्या. बायको अजून त्या काटकसरीची आठवण काढते.

गाडी पाच मिनिटं चालवून डबल स्टँडवर लावा. कोमट ऑइल गाळासकट उतरतं. ऑइल सोडायचा इंजिनखालचा नट परत बसवताना जोर दाखवू नका, ॲल्युमिनियमचे आटे गेले की वाचवलेले पैसे लेथवाल्याच्या खिशात. नव्या ऑइलची पातळी बघताना झाकणाची मोजकाडी फक्त टेकवायची, फिरवून आवळायची नाही. ऑइलची जाळी आणि आतला फिरता फिल्टर मात्र अधूनमधून मेकॅनिककडूनच साफ करून घ्या. त्यासाठी क्लचकडचं कव्हर उघडावं लागतं.

जुनं ऑइल गटारात नको. कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याला द्या. भंगारवाले त्याच्याकडून नेतात.